धारूरचा किल्ला आणि ‘तू नेमका कोणाचा?’ हा प्रश्न

१.
बीड जिल्ह्यातील धारूरचा किल्ला अनेकांनी पाहिला असेल. बालाघाटच्या रांगेत, तीन बाजूंनी दरी असलेल्या डोंगरावर तो उभा आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात आदिलशाही सरदार किश्वरखान लारी याने तो बांधला. ‘लारी’ हे उपनाम इराणातील लार या प्रदेशाशी नाते सांगते. जानेवारी १६३१ मध्ये मोगल सेनापती आझमखान याने हा किल्ला जिंकला, तेव्हा त्याचा किल्लेदार होता सिद्दी सालिम, म्हणजे आफ्रिकी वंशाचा हबशी.

२.
इराणी नावाच्या सरदाराने बांधलेला आणि हबशी किल्लेदाराने राखलेला हा किल्ला मराठी मुलखात आहे. आजचा धागा मात्र तटबंदी किंवा तोफांविषयी नाही. अशा मुलखात जी मुले जन्मली, ज्यांचे वडील एका देशाचे व आई दुसऱ्या, त्यांचे काय झाले? त्यांना कोणत्या भाषेत वाढवले गेले? ‘तू नेमका कोणाचा?’ असे कोणी विचारले, तर त्यांनी काय उत्तर दिले? गेल्या पाचशे वर्षांतील काही घरांत डोकावून पाहू.

३.
प्रथम त्या काळच्या संज्ञा समजून घेऊ. बहामनी व त्यानंतरच्या दख्खनी सुलतानशाह्यांत दरबारी लोकांचे दोन मोठे गट होते. इराण, तुर्कस्तान, मध्य आशिया येथून आलेले ते ‘आफाकी’ किंवा ‘गरीब’. येथे गरीब म्हणजे परदेशी. पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेले ते ‘दख्खनी’. आफ्रिकेतून, मुख्यतः इथिओपियाच्या परिसरातून, गुलाम म्हणून आणलेले हबशी बहुधा दख्खनी पक्षाच्या बाजूने असत.

४.
आणखी एक संज्ञा होती : ‘मुवल्लद’. परदेशी पित्याचे, पण इथे जन्मलेले आणि बहुधा इथल्या आईचे मूल, असा तिचा साधारण अर्थ. अरबीतील जन्मवाचक धातूपासून हा शब्द आला आहे. त्याच कुळातील ‘वलद’ हा शब्द मराठवाड्यातील वाचकांना जुन्या कागदपत्रांतून ठाऊक असेल : अमुक वलद अमुक. म्हणजे अमुकाचा मुलगा अमुक. त्या नोंदीत बापाचे नाव येते, आईचे येत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा; शेवटी आपण तिच्याकडे परतणार आहोत.

५.
पहिले घर विजापूरचे. आदिलशाहीचा संस्थापक यूसुफ आदिलशहा परदेशातून आलेला. त्याची बेगम मात्र मराठी होती. मुकुंदराव नावाच्या मराठा सरदाराची ती बहीण. विवाहानंतर ती ‘बुबूजी खानम’ या नावाने ओळखली गेली. इस्माईल आदिलशहा हा तिचा मुलगा. तिच्या मुलींपैकी मरियम अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली, तर दुसरी वऱ्हाडच्या इमादशाही घराण्यात गेली. मराठी आईची ही लेकरे अशी दख्खनच्या तीन राजघराण्यांत पोहोचली.

६.
इस्माईलचे संगोपन कसे झाले? फरिश्ता हा इतिहासकार त्याविषयी एक मार्मिक माहिती देतो. पित्याच्या इच्छेनुसार दिलशाद आगा या आत्याने त्याला वाढवले आणि दख्खनी लोकांच्या संगतीपासून शक्य तितके दूर ठेवले. परिणामी त्याला तुर्की व इराणी चालीरीती, संगीत आणि भाषा प्रिय झाल्या. दख्खनी बोली तो क्वचितच बोले. म्हणजे आई मराठी, गाव विजापूर आणि मूल मात्र मनाने इराण-तुर्कस्तानात वाढलेले.

७.
ही कथा एवढीच असती तर ‘बापाने आईची भाषा हिरावली’ असे म्हणून आपण पुढे गेलो असतो. पण १५१० मध्ये यूसुफ वारला आणि बाल इस्माईलच्या नावाने कारभार पाहणारा दख्खनी सरदार कमालखान स्वतःच गादी बळकावण्याच्या विचारात पडला. बुबूजी खानमने त्याचा काटा काढला. मग त्याचा मुलगा सूड घेण्यासाठी राजवाड्यावर चालून आला. त्या प्रसंगी दिलशाद आगा शस्त्र धारण करून तटावर उभी राहिली. आफाकी सैनिकांनी वाडा राखला. त्यांत खुस्रो नावाचा जो वीर होता, तोच पुढे असदखान लारी म्हणून प्रसिद्धीस आला.

८.
या प्रसंगाचा नीट विचार करा. मराठी आई इथल्या मातीची. तरीही इथल्याच पक्षाविरुद्ध तिने परदेशी लोकांची साथ घेतली. कारण तिच्यापुढे ‘आपले कोण, परके कोण’ हा वंशाचा प्रश्न नव्हता, मुलाच्या जिवाचा प्रश्न होता. नणंद परदेशी, भावजय मराठी. दोघींनी मिळून एक मूल वाचवले. दख्खनच्या गटबाजीचा इतिहास ‘आफाकी विरुद्ध दख्खनी’ असा सरळ रेषेत लिहिला, की अशी घरे नजरेतून निसटतात.

९.
त्या लहानपणीच्या भयाचा परिणाम पुढे दिसला. गादीवर स्थिर झाल्यावर इस्माईलने दख्खनी आणि हबशी शिपायांना चाकरीत न घेण्याचा निर्धार केला. फरिश्त्याच्या सांगण्यानुसार हा नियम बारा वर्षे पाळला गेला. इथे जन्मलेल्या परदेशीयांच्या मुलांनाही आरंभी दार बंद होते. पुढे त्यांच्यापुरती सवलत मिळाली. म्हणजे ज्याची स्वतःची आई मराठी, त्याच्याच राज्यात काही काळ त्याच्यासारख्या मुलांना जागा नव्हती.

१०.
त्याचा मुलगा इब्राहीम (कारकीर्द १५३४ ते १५५८) याने चक्र उलटे फिरवले. त्याने बहुसंख्य आफाकींना दूर केले, दख्खनी व हबशी लोकांना जवळ केले आणि दप्तराचे हिशेब फारसीऐवजी इथल्या ‘हिंदवी’ भाषेत ठेवण्यास सुरुवात केली. ही हिंदवी म्हणजे मराठीच, असे अनेक अभ्यासक मानतात. त्यामुळे ब्राह्मण कारकुनांचे दप्तरातील वजन वाढले. आजी बुबूजी खानमची भाषा मुलाच्या तोंडी बसली नाही, ती नातवाच्या दप्तरात शिरली.

११.
आता अहमदनगरकडे वळू. निजामशाहीचा मूळ पुरुष मलिक हसन बहरी हा जन्माने ब्राह्मण. त्याचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी. पाथरी आज परभणी जिल्ह्यात आहे. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या बाजूने गोदावरी ओलांडली की पलीकडे. लहानपणी तो विजयनगरच्या स्वारीत बहामनी सैन्याच्या हाती सापडला आणि मुसलमान म्हणून वाढला. पित्याचे नाव भैरव, त्यावरून ‘बहरी’ हे उपनाम आले, असे फरिश्ता सांगतो.

१२.
हे मूळ या घराण्याने लपवले नाही. पाथरी तेव्हा इमादशाहीत होती. आपल्या पूर्वजांचे गाव आपल्याला मिळावे म्हणून निजामशाहीने आधी बोलणी केली. ती फिसकटल्यावर १५१८ मध्ये बुऱ्हाण निजामशहाने स्वारी करून पाथरी घेतली. पुढे ती तिथल्या ब्राह्मण नातलगांना दिली गेल्याची नोंद आहे. धर्म बदलला, राज्य मिळाले, तरी आजोळ-पणजोळाचे गाव मनातून गेले नाही. ‘आम्ही कोण?’ या प्रश्नाला या घराने ‘दोन्ही’ असे उत्तर दिलेले दिसते.

१३.
हबशी घरांची स्थिती वेगळी होती. हबशी गुलाम बहुधा कोवळ्या वयात आणले जात. आई-बाप, कुळ, गाव सारे तुटलेले. मालकाशी एकनिष्ठ राहील असा शिपाई घडवण्याची ती पद्धतच होती. पण हे शिपाई मुक्त झाले, सरदार झाले, त्यांनी इथे संसार थाटले. त्यांची मुले इथल्या भाषेत वाढली आणि पिढी-दोन पिढ्यांत ‘दख्खनी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. म्हणूनच नवे गुलाम येणे थांबल्यावर ‘हबशी’ हा गटही हळूहळू विरळ झाला. माणसे नाहीशी झाली नाहीत, ती आपल्यात मिसळली.

१४.
मलिक अंबर हे या जगातील सर्वांत मोठे नाव. इथिओपियात सुमारे १५४८ मध्ये जन्मलेले हे मूल गुलाम म्हणून बाजारोबाजार विकले गेले आणि अखेर निजामशाहीचा पेशवा चंगेझखान याच्याकडे आले. मालकाच्या मृत्यूनंतर अंबर मुक्त झाला. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला, तेव्हा त्याने बीडच्या दक्षिणेस असलेल्या परांडा येथे मुर्तजा दुसरा याला गादीवर बसवले आणि आपली मुलगी त्याला दिली.

१५.
त्या मुलीचे पुढे काय झाले, ते पीटर व्हॅन डेन ब्रूक या डच व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे. तो १६१७ मध्ये अंबरला प्रत्यक्ष भेटला होता. त्याच्या वृत्तान्तानुसार १६१० च्या सुमारास सुलतानाची थोरली, गोरी इराणी बेगम आणि अंबरची मुलगी यांच्यात भांडण झाले. थोरलीने धाकटीला ‘गुलाम’ म्हणून हिणवले आणि तिच्या बापाचाही पाणउतारा केला. मुलीने ते बापाला कळवले. अंबरने सुलतानाला विष देवविले आणि त्याच्या लहान मुलाला, बुऱ्हाणला, गादीवर बसवले.

१६.
हा वृत्तान्त एका व्यापाऱ्याच्या कानावर आलेला आहे आणि राजवाड्यातल्या गोष्टी पसरताना वाढतात, हे खरेच. तथापि त्या काळच्या लोकांना ही कथा पटण्याजोगी वाटली, हेही महत्त्वाचे. राज्याचा सर्वेसर्वा झालेल्या माणसाच्या लेकीलाही तिचा रंग व बापाचा भूतकाळ ऐकवला जाऊ शकत होता. बापाने उत्तर दिले ते सत्तेच्या बळावर. ज्यांच्याकडे सत्ता नव्हती, त्या हबशी बापांच्या मुलींना काय ऐकावे लागले असेल आणि बापांनी त्यांची समजूत कशी काढली असेल, याची नोंद कोणी ठेवली नाही.

१७.
रंगावरून हिणवणे त्या काळी नव्हतेच, असा गैरसमज करून घेऊ नये. जहांगीर बादशहाने आपल्या आत्मवृत्तात अंबरचा उल्लेख त्याच्या काळेपणाला चिकटवलेल्या शिव्यांनीच केला आहे. अंबरच्या तोडलेल्या मस्तकावर आपण बाण मारत आहोत असे चित्रही त्याने काढवून घेतले. प्रत्यक्षात अंबर त्याच्या हाती कधीच लागला नाही. याउलट शिवकाळात कवींद्र परमानंदाने रचलेल्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात भातवडीच्या १६२४ च्या युद्धातील अंबरचे वर्णन आदराने येते. एकच माणूस, दोन दरबार, दोन दृष्टी.

१८.
आणि गटांची भाषा रक्तपातापर्यंतही गेली होती. १५८९ मध्ये अहमदनगरात राजहत्येनंतर जमालखानाच्या दख्खनी-हबशी पक्षाने परदेशीयांची कत्तल केली. फरिश्ता स्वतः इराणी वंशाचा. तो त्यातून बचावला आणि विजापूरला गेला. म्हणून त्याचे लेखन वाचताना तो कोणत्या बाजूचा होता हे ध्यानी ठेवावे लागते. परंतु त्याने काय भोगले होते, हेही विसरता कामा नये.

१९.
आता दीडशे-दोनशे वर्षे पुढे येऊ. बीडमध्ये मन्सूरशहा यांचा दर्गा आहे. महादजी शिंदे त्यांचे निष्ठावान भक्त होते आणि शिंदे घराण्याने ती श्रद्धा पुढेही जपली. महादजींची कवायती फौज उभारली ती सॅव्हॉय प्रांतातील शांबेरी गावच्या बेन्वा द बॉयन् याने. या फौजेत गोरे बाप आणि हिंदी आया यांची अनेक मुले अधिकारी होती. त्यांना मराठ्यांची चाकरी का धरावी लागली, याचे एक कारण कलकत्ता व लंडनमध्ये सापडते.

२०.
१७९१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने ठरवले की हिंदी आईच्या वा बापाच्या मुलाला कंपनीच्या मुलकी, लष्करी वा आरमारी अधिकारपदावर घ्यायचे नाही. १७९५ मध्ये, ज्यांचे आई आणि बाप दोघेही युरोपीय नाहीत त्यांना फौजेत फक्त वाजंत्री, नालबंद अशी कामे उरली. सुलतानांच्या काळी गट बदलता येत असे. मुवल्लदाचा मुलगा दख्खनी होई. कंपनीच्या नियमात मात्र आई-बापांच्या वंशाची अट कागदावर पक्की झाली आणि ती आयुष्यभर पुसता येईना.

२१.
जेम्स स्किनर हा त्या नियमाचा एक बळी. १७७८ मध्ये जन्म. वडील स्कॉटिश, आई राजपूत. त्याच्या घरातील एक दुःखद घटना त्याच्याच आठवणींतून कळते. वडिलांनी मुलींना शाळेत घालायचे ठरवले. त्यामुळे त्यांचा पडदा मोडेल, कुळाची अब्रू जाईल, या विचाराने आईने १७९० मध्ये प्राणत्याग केला. मुलांना कोणाच्या रीतीने वाढवायचे, हा प्रश्न त्या घरात कोणालाही सोडवता आला नाही आणि लेकरे आईला मुकली.

२२.
कंपनीचे दार बंद असल्याने जेम्स शिंद्यांच्या फौजेत दाखल झाला. १८०३ मध्ये इंग्रज-मराठा युद्ध सुरू झाले, तेव्हा इंग्रज रक्ताचा म्हणून त्याला तिथूनही निघावे लागले. कंपनीला तो हिंदी वाटला, शिंद्यांच्या छावणीला इंग्रज. पुढे त्याचे घोडदळ प्रसिद्ध झाले, दिल्लीत त्याने सेंट जेम्स चर्च बांधले. १८२५ मध्ये त्याने फारसीत ‘तश्रीह-उल-अक्वाम’ हा ग्रंथ सिद्ध करवला. त्याचा विषय? हिंदुस्थानातील नाना जाती-जमाती व त्यांची मुळे. ज्याला स्वतःचा रकाना मिळाला नाही, त्याने इतरांचे रकाने चित्रांसह लिहून ठेवले.

२३.
द बॉयन्‌ची मुले वेगळ्या वाटेने गेली. त्याची पत्नी हलीमा. मुलगी बानू, मुलगा अली बक्ष. १७९६ मध्ये तो हिंदुस्थान सोडून गेला. इंग्लंडात मुलांचा बाप्तिस्मा झाला. बानूची अ‍ॅना झाली, अली बक्षचा चार्ल्स अलेक्झांडर. हलीमाची हेलन बेनेट झाली. १७९८ मध्ये द बॉयन्‌ने एका फ्रेंच उमरावाच्या तरुण मुलीशी लग्न केले. हेलन ससेक्स परगण्यात एकाकी राहिली आणि १८५३ मध्ये तिथेच वारली. मुलगा मात्र शांबेरीत बापाच्या उमरावकीचा वारस ठरला.

२४.
आणि शेवटचे घर हैदराबादचे. बीड तेव्हा ज्या निजामाच्या मुलखात मोडत होते, त्याच्या दरबारी इंग्रज रेसिडेंट होता जेम्स अकिलीझ कर्कपॅट्रिक. त्याने १८०० मध्ये तिथल्या कुलीन घराण्यातील खैरुन्निसा हिच्याशी विवाह केला. साहिब आलम आणि साहिब बेगम ही त्यांची मुले. १८०५ मध्ये, पाच वर्षांचीही न झालेली ही भावंडे, आजोबांकडे इंग्लंडला रवाना झाली. तिथे ती विल्यम जॉर्ज आणि कॅथरीन अरोरा झाली. जाण्यापूर्वी मद्रासेत जॉर्ज चिनरी या चित्रकाराने त्यांचे चित्र काढले. त्यात ती दोघे हैदराबादी पोशाखात उभी आहेत.

२५.
बापाला वाटले, इंग्लंडात वाढली तर मुलांना मान मिळेल. इथल्या नियमांपुढे त्याचे वाटणे चुकीचे नव्हते. पण त्याच वर्षी ऑक्टोबरात तो कलकत्त्यात वारला आणि १८१३ मध्ये खैरुन्निसाही गेली. मुलांची व आईची पुन्हा भेट झाली नाही. कॅथरीन, म्हणजे किटी, प्रौढ वयात आपली आजी शरफुन्निसा हिच्याशी पत्राने जोडली गेली. निरोपाच्या वेळी आई कुठे बसली होती आणि कशी आक्रोश करत होती, हे तिला इतक्या वर्षांनीही आठवत होते. नाव बदलले, धर्म बदलला, भाषा गेली. आईचे रडणे तेवढे राहिले.

२६.
या सर्व घरांतील पालकांनी आपापल्या परीने मुलांचे भलेच पाहिले. यूसुफने मुलाला आईच्या लोकांपासून दूर ठेवले. अंबरने मुलीचा अपमान सत्तेने धुऊन काढला. कर्कपॅट्रिकने मुलांना समुद्रापार पाठवले. प्रत्येकाच्या उपायात मुलाच्या एका बाजूला गप्प बसवले गेले आणि बहुतेक वेळा ती बाजू आईची होती. पाथरीच्या घराण्याची गोष्ट वेगळी वाटते ती एवढ्याचसाठी, की त्यांनी मुळाची वाट खुली ठेवली.

२७.
आता ‘वलद’कडे परत येऊ. अंबरच्या मुलीचे नाव ती कथा आपल्याला सांगत नाही. बुबूजी खानमचे माहेरचे नाव सर्वतोमुखी नाही; भावाचे मात्र आहे. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने निर्णय घेतला, की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाच्या नावानंतर आईचे नाव लावायचे, मग वडिलांचे आणि मग आडनाव. या निर्णयाने मिश्र घरांचे सारे प्रश्न सुटतात असे नाही. पण पाचशे वर्षे जी नोंद एका बाजूने लिहिली गेली, तिच्यात दुसरी बाजू आली.

२८.
मित्रहो, आज अनेक मराठी घरांत आई-वडील वेगवेगळ्या देशांचे, प्रांतांचे, धर्मांचे असतात. शाळेत, लग्नघरात, एसटीच्या प्रवासातही मुलांना विचारले जाते : ‘तू दिसायला तर वेगळाच आहेस, मूळचा कुठला?’ मुलाने घरी येऊन तेच विचारले, तर त्याला एक बाजू निवडायला लावू नका. दोन्ही आजोळांच्या गोष्टी सांगा, नावांसकट. आणि जमले तर एकदा धारूरला घेऊन जा. इराणी नावाचा बांधणारा, हबशी किल्लेदार आणि खाली मराठी बोलणारे गाव, हे सारे त्याला एकाच ठिकाणी दाखवता येईल.

धागा समाप्त. तुमच्या गावातील, घराण्यातील अशी काही नावे ठाऊक असतील तर जरूर लिहा, विशेषतः आज्या-पणज्यांची.